शेवटचा नंबर

सलाईनचा स्टँड खांद्यावर बसला तेव्हा आधी आवाज ऐकू आला, दुखणं नंतर आलं. मी जिना चढून ऑपरेशन थिएटरच्या बोळात शिरलो होतो आणि समोर कोण आहे हे बघायच्या आतच पहिला तडाखा खाल्ला होता. दुसरा तडाखा दाराच्या काचेवर पडला. काच फुटून बोळभर पसरली. मग त्या माणसाने स्टँड टाकून दिला, खाली वाकून वीतभर लांबीचा एक तुकडा उचलला आणि स्वतःच्या गळ्याला लावला.

तो अंबादास सुरवसे होता, वय सहासष्ट. अंगात मागून बंद बांधायचा हिरवा गाऊन, पाय अनवाणी, डाव्या गालात लिंबाएवढी गाठ. हातातली सलाईनची सुई त्याने उपटून काढली होती आणि तिथलं रक्त बोटांवरून फरशीवर ठिबकत होतं. त्याची बायको पद्मिणबाई खाली बसून त्याच्या गाऊनचं टोक धरून ओढत होती. बोळात आणखी दहा-बारा माणसं होती, ती भिंतीला पाठ लावून मागे सरकत होती. गळ्याला लावलेल्या काचेची भीती कुणालाच नव्हती, सगळे फरशीवरच्या रक्ताकडे बघत होते.

"कुणी पुढं यायचं न्हाय," तो म्हणाला. तोंड उघडत नसल्यामुळे शब्द दातांतून गाळून येत होते. "मला आज आत घ्या. न्हायतर हितंच कापून घेतो, आन् मग बसा पुसत."

थिएटरच्या इन्चार्ज जोगदंड सिस्टर दाराआडून मला म्हणाल्या, "शिवलिंग मामा, तुम्हीच बघा आता."

या गोष्टीला आठ वर्षं झाली. मी तेव्हा पन्नाशीचा होतो आणि जिल्ह्याच्या गावी एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलात थिएटरचा मामा होतो. हॉस्पिटलात वॉर्डबॉयला मामा म्हणतात. भाचे काही मिळत नाहीत, शिव्या तेवढ्या मिळतात. पेशंटला ट्रॉलीवरून आणायचं-न्यायचं, थिएटर धुवायचं, आणि सकाळी सात वाजता सर्जन साहेबांच्या यादीवरून फळ्यावर नावं लिहायची, अशी माझी तीन कामं. माझं अक्षर बरं म्हणून फळा माझ्याकडे आला होता. चौथं काम कुठल्या कागदावर नव्हतं. नातेवाईक दांडगाई करायला लागले की मला हाक जायची. माझा हात आधी चालायचा, डोकं मागून रमतगमत यायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा एका पेशंटच्या मेव्हण्याला मी जिन्यावरून असा खाली आणला की त्याच्या चपला वरच राहिल्या. मला ते काम आवडायचं, हेही सांगून टाकतो.

तर आमच्याकडे एक रीत होती. ज्याच्या फायलीवर पिवळा ठिपका, त्याचा नंबर शेवटी. पिवळा ठिपका म्हणजे एचआयव्ही. रीत कुणी घातली ते कुणालाच सांगता येत नव्हतं. कारण विचारलं तर म्हणायचे, त्या केसनंतर थिएटर धुवायला लागतं. आता धुणारा मीच. मी सांगतो, प्रत्येक केसनंतर तीच बादली, तेच औषध, तोच पोछा. पण पिवळ्या ठिपक्यानंतर दोन तास दार बंद ठेवायचं असं ठरून गेलं होतं, आणि दोन तास मोडले की बाकीच्या केसेस बोंबलतात, म्हणून ती केस शेवटी. शेवटची केस म्हणजे झाली तर झाली. भूल देणाऱ्या मॅडम तीन वाजता दुसऱ्या हॉस्पिटलला जायच्या. कुठलं तरी ऑपरेशन लांबायचंच, आणि सव्वातीनला कुणीतरी जाऊन सांगायचं, आज जमलं नाही, पुढच्या मंगळवारी या.

तरणा पेशंट असला तर त्याचे नातेवाईक आरडाओरडा करायचे, नगरसेवकाला फोन लावायचे. म्हाताऱ्यांचं कोण करतो. चहाच्या टेबलावर आमच्यातच बोलणं चालायचं, एक तर वय झालेलं, त्यात तो रोग, कापून तरी किती दिवस जगवायचं. त्यावर मीही हसायचो.

सुरवसेचं असं तीनदा झालं होतं. आदल्या रात्रीपासून उपाशी, पाण्याचा घोट नाही, सकाळी गाऊन घालून वॉर्डात बसायचं आणि सव्वातीनला गाऊन काढायचा. गालाच्या कॅन्सरमध्ये तोंड किती उघडतं हे बोटांनी मोजतात. पहिल्या मंगळवारी त्याचं तोंड तीन बोटं उघडत होतं. तिसऱ्या मंगळवारी दोन बोटं कशीबशी गेली. त्या दिवशी मोठे सर्जन डॉक्टर होनराव यांनी पद्मिणबाईला बोळातच सांगितलं, मी ट्रॉली धरून उभा होतो. ते म्हणाले, एका बोटावर आलं की गाठ मागे जबड्याच्या मुळाशी गेली असं धरायचं, मग कापण्यात अर्थ नाही. ती त्यांच्या पाया पडली. साहेब मागे सरले आणि पुढच्या मंगळवारी नक्की करतो म्हणाले.

चौथ्या मंगळवारी सकाळी तोंड दीड बोट उघडत होतं. आणि सव्वातीनला एका नव्या नर्सने जाऊन त्याला सांगितलं, आज जमलं नाही. मी तेव्हा खाली चहा पीत होतो.

मी त्या माणसाला ओळखत होतो आणि तो मला. कुठून, हे हॉस्पिटलात कुणाला माहीत नव्हतं आणि मी सांगणार नव्हतो. पहिल्या मंगळवारी वॉर्डात त्याने मला बघून हात जरासा उचलला होता. मी ट्रॉलीचं चाक अडकल्याचं निमित्त करून खाली वाकलो आणि वर आलो तेव्हा मास्क डोळ्यांपर्यंत ओढलेला होता. त्याने हात खाली घेतला. त्यानंतर तीन आठवडे त्याने माझ्याकडे ओळखीच्या नजरेने एकदाही पाहिलं नाही.

आता तो काच गळ्याला लावून उभा होता. मी पुढे निघालो तसं सिस्टरनी मागून हातमोजे घाला म्हणून सांगितलं. मी घातले नाहीत. याचा पुढे फार बोभाटा झाला. मी रक्तात पाय देऊन सरळ त्याच्यासमोर गेलो. काच टाका, साहेबांशी बोलू, पोलीस आले तर म्हातारपणी कोठडीत जाल, असलं काहीबाही मी बोलत होतो. बोलताना माझं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काच गळ्यापासून हळूहळू खाली आली. मी आणखी एक पाऊल पुढे गेलो. तो अगदी हलक्या आवाजात बोलला.

"शिवलिंगा, तू तरी सांग की ह्यान्ला."

एवढंच बोलला. पण माझ्या पाठीमागे बारा माणसं कान देऊन उभी होती, आणि दाराआड साहेब. पेशंटने मामाला नावाने, अरेतुरे करून हाक मारली होती. याच्या पुढचं वाक्य काय असेल ते मला कळलं, म्हणजे कळलं असं मला वाटलं, आणि ते वाक्य बाहेर पडू द्यायचं नव्हतं.

मी पहिला ठोसा पोटात मारला. तो वाकला. दुसरा तोंडावर मारला, डाव्या गालावर. समोरच्या माणसाच्या डाव्या गालावरच उजवा हात बसतो, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे मला माहीत होतं कुठला गाल आहे ते. आत काहीतरी मोडल्याचं माझ्या बोटांना कळलं. तो काचांमध्ये आडवा पडला. मी त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि हातातली काच ओढून काढली. ओढताना ती माझ्या तळव्यात शिरली. त्याचा हात तेव्हाच मोकळा झाला होता, अंगात जोर उरला नव्हता. तरी मी आणखी दोनदा मारलं, त्याच गालावर, कारण त्याचे ओठ हलत होते.

पद्मिणबाई चपलेने माझ्या पाठीत मारत होती. मला ते लागत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, बास मामा, मरंल त्यो. मी उठलो. बोळातल्या दुसऱ्या एका पेशंटच्या भावाने टाळ्या वाजवल्या. त्याचं बघून आणखी दोघांनी वाजवल्या.

सिस्टरनी मला आत नेलं, हातावर हातमोजे चढवून, त्यावर आणखी हातमोजे चढवून माझा तळवा नळाखाली धरला. त्या रडत होत्या. माझ्या जखमेत त्याचं रक्त गेलं होतं हे सगळ्यांनी बघितलं होतं. अशा वेळी काय करायचं याचा कागद थिएटरमध्ये भिंतीवर चिकटवलेला असतो. जखम धुवायची, कर्मचाऱ्याचं रक्त तपासायला घ्यायचं आणि दोन तासांच्या आत पहिली गोळी द्यायची. सिस्टरनी इमर्जन्सीच्या कपाटातून डबी काढली. दोन-दोन हातमोज्यांतून त्यांना झाकण निघेना. ते मी उघडलं. पाण्याचा ग्लास पुढे करून त्या म्हणाल्या की घाबरू नका मामा, ही गोळी रोज एक, महिनाभर घ्यायची, चक्कर आल्यासारखं होईल.

मला त्या गोळीची चक्कर माहीत होती. पाच वर्षं मी तीच गोळी रोज रात्री नऊ वाजता घेत होतो.

कुठून, कसा मला तो रोग आला ते इथे सांगायचं कारण नाही. माझी चूक होती. घरात फक्त बायकोला माहीत होतं. मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. नोकरी थिएटरमधली, कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर. म्हणून मी गावातल्या सरकारी दवाखान्यात न जाता शेजारच्या जिल्ह्यात जाऊन गोळ्या आणायचो. महिन्याचा पहिला सोमवार, सकाळची सहाची एसटी.

पहिल्या सोमवारी मी त्या औषधाच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून लहान पोरासारखा रडलो होतो. शेजारी एक नवरा-बायको बसले होते. त्या माणसाने काही विचारलं नाही, मला उठवून बाहेर चहाच्या गाड्यावर नेलं. तेच सुरवसे मिस्त्री. गवंडीकाम करायचे. इतका वेळ मी त्यांचं नाव एकेरीत घेतलं, कारण त्या बोळात मी त्यांच्याकडे तसंच बघत होतो. आता ते जमायचं नाही.

मिस्त्री तेव्हा साठीच्या आसपास होते, गोळ्या सुरू होऊन सात वर्षं झालेली. गोळी जेवून घ्यायची की उपाशी, प्रवासात डबी कशात लपवायची, पहिले पंधरा दिवस भयंकर स्वप्नं पडतात ती मनावर घ्यायची नाहीत, हे सगळं मला डॉक्टरने नाही, मिस्त्रींनी शिकवलं. मी विचारलं होतं, किती वर्षं काढता येतात? ते हसले होते.

"गोळी चुकवली न्हाय तर माणूस म्हातारा हुतो बघ. मी झालो का न्हाय? मग म्हातारपणाची दुखणी येतील, ती सगळ्यांनाच येत्यात."

त्यांना आलं ते हे. गालात आतून जखम झाली ती मला त्यांनी त्या बाकावरच तोंड उघडून दाखवली होती. मी त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणालो होतो, मिस्त्री, दुसरीकडे कुठे जाऊ नका, आमच्या हॉस्पिटलात या, मी आहे तिथं. त्यांच्या गावाहून दुसरं हॉस्पिटल जवळ होतं. माझ्या भरवशावर ते दोघं नव्वद किलोमीटर लांब आले होते.

त्या संध्याकाळी कपडे बदलताना शर्टाच्या खिशात सकाळची यादी हाताला लागली. साहेबांच्या सहीची. मी ती सहज उघडली. एक नंबरला कुणी बाई होती. दोन नंबरला सुरवसे अंबादास. साहेबांनी नावाभोवती पेनाने गोल करून बाजूला लिहिलं होतं, आज नक्की.

सकाळी मी यादी वाचलीच नव्हती. म्हणजे नावं वाचली, आकडे वाचले नाहीत. नावापुढे पिवळ्या स्केचपेनचा ठिपका दिसला आणि हात आपसूक फळ्याच्या तळाशी गेला. वर्षानुवर्षं तसाच जायचा. साहेब फळा बघायला बाहेर येत नसत, टेबलावर जो पेशंट येईल त्याचं करायचे. सिस्टरना वाटलं साहेबांनीच बदल केला. साहेबांना वाटलं असेल भूल देणाऱ्या मॅडमनी नको म्हटलं. आणि टेबलावर कोणाला आणायचं ते फळा बघून ठरवणारा मीच.

सवयीने लिहिलं, हे मी त्या दिवसापासून स्वतःला सांगत आलोय. पण ऑपरेशन झालं असतं तर मिस्त्री पंधरा दिवस वॉर्डात राहिले असते, भूल उतरताना काय बोलले असते, पद्मिणबाई शेजारच्या कॉटवरच्या बाईला काय बोलली असती, हे विचार माझ्या डोक्यात त्या तीन आठवड्यांत येऊन गेले होते. तेव्हा सवय किती आणि भीती किती, याचा निवाडा मला करता येत नाही. यादीचे मी बारीक तुकडे केले आणि लाल पिशवीत, कापलेल्या मांसाच्या कचऱ्यात टाकले.

मिस्त्रींना पोलिसांनी सरकारी दवाखान्यात नेलं. हॉस्पिटलवर हल्ल्याचा गुन्हा लागला होता. दुसऱ्या दिवशी जबाबासाठी मलाही तिथे बोलावलं. त्यांचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता, वरून खाली फडक्याने बांधला होता, नाकातून नळी घातली होती. कॉटला एक हात बेडीने अडकवलेला. सहासष्ट वर्षांचा माणूस, त्याला बेडी. होनराव साहेबही जबाबाला आले होते; तिथला एक्सरे त्यांनी आधीच बघितला होता आणि येताना गाडीतच मला सांगितलं होतं की मोडलेल्या हाडात गाठ पसरायला आता वाट मोकळी झाली, ऑपरेशनचा विषय संपला. मला ते दिलासा दिल्याच्या सुरात सांगत होते. तुमचा नाइलाज होता मामा, म्हणाले.

फौजदार तरुण होता, आपलं काम करत होता. बोलता येत नाही म्हणून त्याने मिस्त्रींना मानेने उत्तर द्यायला सांगितलं. काच फोडली का? हो. या मामांना स्टँडने मारलं का? हो. त्यांच्याशी काही जुनं भांडण? नाही. मग त्याने माझ्याकडे बघून आणि पुन्हा त्यांच्याकडे वळून विचारलं, ओळख होती का?

मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान डावीकडून उजवीकडे नेली आणि परत आणली. पद्मिणबाई उशाशी बसून नळीत पाणी सोडत होती. तिनेही मान वर केली नाही.

हॉस्पिटलात मी देव झालो होतो. हातमोजे न घालता रक्तात गेला, असं जो तो सांगत होता. ट्रस्टींनी सगळ्या स्टाफला गोळा करून माझ्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला, आणि एक जण भाषणात म्हणाला, जिवावर उदार होणं काय असतं ते मामांकडून शिका. मी हात जोडून उभा होतो. रक्त तपासायचं राहिलं होतं, त्याबद्दल सिस्टरनी दोनदा विचारलं. बाहेर करून घेतलं, चांगलं आलं, असं मी सांगितलं. चांगल्या बातमीचा कागद कुणी मागत नाही.

महिनाभराच्या गोळ्या हॉस्पिटलनेच दिल्या होत्या. तो महिना मी शेजारच्या जिल्ह्यात गेलो नाही. त्या महिन्यात मी घरात तीनदा हात उचलला. एकदा मुलीवर, ताटात मीठ जास्त पडलं म्हणून. ती भिंतीवर आपटली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्या जागी मिस्त्रींचा बांधलेला जबडा दिसला आणि मी जेवणावरून उठून गेलो. पुढे डबीतल्या गोळ्या संपत आल्या तसा सोमवार गाठावाच लागला.

बाकावर पद्मिणबाई एकटी बसली होती. कपाळ मोकळं होतं. मी दारातच थांबलो, परत फिरायचं मनात आलं, तेवढ्यात तिने पाहिलं आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली. शेजारी जागा झाली. मी जाऊन बसलो.

किती दिवस झाले, असं मी विचारलं. एकवीस, ती म्हणाली. शेवटी नळीतूनही काही जाईना. बेडी आठ दिवसांनी काढली होती, एवढं बरं झालं, हात हातात धरता आला.

मला पुढचं बोलायचं नव्हतं. ते सांगायला मी आलोच नव्हतो. पण तिने जागा करून दिली होती ती मला सहन होईना.

"वैनी," मी म्हणालो, "त्या दिवशी त्यांचा नंबर दुसरा होता. साहेबांनी तसा लिहून दिला होता. फळ्यावर मी शेवटी लिहिला."

तुला कुणी तसं सांगितलं होतं का, तिने विचारलं. कुणी नाही, मी म्हणालो. ती हातातल्या गोळ्यांच्या हिरव्या कार्डाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसली. दीडच बोट राहिलं होतं, पण त्या दिवशी झालं असतं तर झालं असतं, हे मी तिला सांगायची गरज नव्हती.

"आन् मारलं कशाला?" तिने विचारलं.

याची उत्तरं मी महिनाभर सगळ्यांना देत आलो होतो. त्यांच्या हातात काच होती, बोळात बायकापोरं होती, ते स्वतःला कापून घेणार होते. त्यातलं एकही त्या बाकावर बसून देता येईना.

"माझं नाव घेतील म्हणून."

 खिडकीपाशी रांग पुढे सरकत होती. मग तिने पदर तोंडाशी धरला आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलायला लागली. सतरा वर्षांमागे तिची गर्भपिशवी काढली, तेव्हा रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. त्यातून तिला आलं. तिच्याकडून त्यांना. गावात कळलं ते मिस्त्रींच्या आजारपणात, आणि गावाने लगेच ठरवून टाकलं की मिस्त्री कामाला शहरात जायचा, तिथूनच घेऊन आला. भावांनी त्यांचं ताट वेगळं केलं. कामावरच्या बिगाऱ्यांनी त्यांच्या हातचं पाणी सोडलं. तिच्या सख्ख्या आईने दारात उभं राहून त्यांच्या सात पिढ्या काढल्या, पोरीचं वाटोळं केलंस म्हणून, आणि ते खाली मान घालून ऐकत होते. मी गावाला खरं सांगते, असं ती त्यांना कितीदा म्हणाली. माझ्या नावावर खपतंय तर खपू दे, एवढंच ते म्हणायचे.

खिडकीतून तिच्या कार्डाचा नंबर पुकारला. ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता ती मारणार. मी मान थोडी पुढेसुद्धा केली.

"इतकी वर्सं त्यांनी माझं नाव घेतलं न्हाय, भाऊ," ती म्हणाली. "तुझं घेणार हुते व्हय?"